धिरयोला परवानगी का नाही?

प्रश्न : सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये जल्लीकट्टू आणि बैलगाडा शर्यतींना मान्यता दिली; मग गोव्यातील धिरयोवरच (बैलांच्या झुंजीवरच) बंदी का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : तो निकाल सर्वच खेळांना लागू होत नाही. तमिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र यांनी 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात आपापल्या राज्यापुरत्या दुरुस्त्या केल्या, त्यांना राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि न्यायालयाने त्या दुरुस्त्या वैध ठरविल्या. गोव्यात तशी दुरुस्ती अस्तित्वात नाही. उलट मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 1996 मध्ये घातलेली बंदी कायम आहे. शिवाय शर्यत आणि झुंज यांत मूलभूत फरक आहे, कारण प्राण्यांना परस्परांशी झुंजण्यास चिथावणे हा त्याच कायद्याच्या कलम 11 नुसार स्पष्टपणे गुन्हा ठरतो.

बैल रानातही झुंजतात आणि धिरयोत हरलेला बैल पळून जाऊ शकतो, हा समर्थकांचा युक्तिवाद अगदीच निराधार नाही. तथापि रानात त्यांना कोणी समोरासमोर आणून उभे करीत नाही, आणि शिंगांनी पोट फाटण्याचा धोका पत्करायचा की नाही, हे तेथे बैलच ठरवितो. परंपरेच्या नावाखाली चालणाऱ्या पैजांविषयी मात्र समर्थक फारसे बोलत नाहीत.