दोन बटणे, एकच स्वर

प्रश्न : नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये असताना मी 48 बटणांचा जुना ट्रेबल इंग्लिश कॉन्सर्टिना (हातांत धरून भात्यावर वाजवायचे छोटे वाद्य) विकत घेतला. त्यात डी शार्प (डीपेक्षा अर्धा स्वर चढा) आणि ई फ्लॅट (ईपेक्षा अर्धा स्वर उतरता) यांची बटणे दोन वेगळ्या बाजूंना आहेत, पण स्वर एकच निघतो. हा दोष आहे काय? एका परिचितांच्या वाद्यात सर्वांत खालच्या ए फ्लॅटच्या बटणावर एफ वाजतो. तसा बदल मीही करून घ्यावा का?
– एक वाचक, लेस्टर

उत्तर : हा दोष नाही. या वाद्याचे जनक चार्ल्स व्हीटस्टन (बारावीच्या पदार्थविज्ञानातील ‘ब्रिज’वाले तेच) यांच्या मांडणीत, पाश्चात्त्य स्वरलिपीच्या रेघांवर येणारे स्वर डाव्या हाताला आणि रेघांमधल्या जागांत येणारे उजव्या हाताला आहेत, त्यामुळे सप्तक वाजवताना हात आळीपाळीने चालतात. प्रत्येक बाजूच्या चार रांगांपैकी मधल्या दोन मूळ स्वरांच्या. शार्प आणि फ्लॅट कडेच्या रांगांत, आपापल्या मूळ स्वराशेजारी. मधल्या सीनंतरचा डी उजवीकडे, म्हणून त्याचा शार्पही उजवीकडे. ई डावीकडे, म्हणून त्याचा फ्लॅटही डावीकडे. जी शार्प आणि ए फ्लॅट यांचेही तसेच.

सुरुवातीची वाद्ये मीनटोन या जुन्या, असमान अंतरांच्या पद्धतीने मिळवलेली असत व तीत ई फ्लॅट हा डी शार्पपेक्षा स्पष्टपणे चढा असतो. पुढे बहुतेक वाद्ये समान अंतराच्या श्रुतिमेळात आणली गेली आणि फरक मिटला. दोन्ही बटणे एकदम दाबून भाता सावकाश ओढून पाहावा : स्वर संथपणे लहरला तर ट्यूनिंग थोडे उतरले आहे एवढेच, पण तो कर्कश झाला तर जुने मीनटोन शिल्लक असण्याची शक्यता आहे आणि अशा वाद्याला जाणकाराला दाखवल्याखेरीज हात लावू नये.

जोडबटणे आजही निरुपयोगी नाहीत. ई मेजर या स्वरमालेमध्ये डी शार्प व जी शार्प, ई फ्लॅट मेजरमध्ये ई फ्लॅट व ए फ्लॅट घेतले तरच हातांची आळीपाळी टिकते. म्हणून मधल्या सप्तकांतील जोड्या मोडू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. तळाची जी शार्प–ए फ्लॅट ही जोडी मात्र क्वचितच लागते. शिवाय तो ए फ्लॅट डाव्या हाताला आहे आणि क्रमाने एफही डावीकडेच यायला हवा, त्यामुळे तुमच्या परिचितांचा बदल मांडणीला धरूनच आहे. करायचाच असेल तर मूळ रीड घासू न देता नवी बसवून घ्यावी आणि जुनी पेटीत जपून ठेवावी.