विकसनशील देशांतली आरोग्यसेवा खासगी देणग्यांवर टिकू शकते का?

सरकार कमी पडतं तिथे लोकांच्या देणग्यांवर दवाखाने चालू राहू शकतात का, असं तुम्ही विचारलंय. सुरू होऊ शकतात. चालू राहण्याबद्दल मात्र मला बरंच बोलायचंय, कारण त्यावरून माझं आणि माझ्या सख्ख्या थोरल्या भावाचं सात वर्षं धड बोलणं नाही.

मी एका धर्मादाय रुग्णालयात बायोमेडिकल तंत्रज्ञ होतो. हुद्दा भारी, काम म्हणजे कॉटच्या चाकापासून ऑटोक्लेव्हच्या (वाफेने उपकरणं निर्जंतुक करायच्या यंत्राच्या) गास्केटपर्यंत जे मोडेल ते. बाबा गेल्यावर दादाने त्यांच्या नावाने आमच्या रुग्णालयाला सहा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर द्यायचं ठरवलं. मी म्हटलं, तीनच दे, पण चांगली दे. उरलेल्या पैशात स्टॅबिलायझर, जादा फिल्टर, ऑक्सिजनची शुद्धता मोजायचं मीटर आणि माझ्या हाताखाली एका माणसाचा दोन वर्षांचा पगार. दादा म्हणाला, ‘‘पगारावर बाबांचं नाव कुठे कोरू?’’

सहाच आली. प्रत्येकावर पाटी. फोटोही निघाला.

हे यंत्र हवेतला नायट्रोजन झिओलाइट नावाच्या खनिजाच्या दाण्यांत अडकवतं आणि साधारण 93 टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन पुढे सोडतं. दमटपणा आत गेला की दाणे कामातून जातात. बाहेरचा फिल्टर आठवड्याला धुवायचा असतो, पण वॉर्डात रात्री एकटी असलेली सिस्टर सलाइन बघणार की फिल्टर धुणार? आणि यातला खरा घात असा, की दाणे गेले तरी यंत्र बंद पडत नाही. घरघर तीच, बाटलीत बुडबुडे तेच, मिनिटाला किती लिटर सुटतंय ते दाखवणाऱ्या फ्लोमीटरमधली गोळी पाचावर जागच्या जागी. चांगल्या मॉडेलांत शुद्धता घसरली की दिवा लागतो. आमच्या यंत्रांना तो नव्हता, कारण ठरलेल्या पैशांत सहा बसवायची होती.

चौदाव्या महिन्यात रात्री दोनला सिस्टरचा फोन आला. ‘‘पाच लिटरवर आहेत, सॅच्युरेशन 84 च्या वर जात नाही.’’ म्हणजे रक्तातला ऑक्सिजन धोक्याइतका कमी. म्हटलं, आधी सिलिंडरला लावा, मग बोलू. दहा मिनिटांत 95. पेशंट वाचला. सकाळी दुसरीकडून मीटर मागून आणलं आणि त्या यंत्राच्या नळीला लावलं: शुद्धता 51 टक्के. सगळी तपासली तेव्हा सहापैकी दोन धड निघाली, तिघांचे दाणे गेलेले, एकाचा कॉम्प्रेसर व्होल्टेजने जळलेला. दादाला सांगितलं तर म्हणाला, ‘‘दिलेलं सांभाळता येत नाही तुम्हाला.’’ त्या दिवसापासून ते आजपर्यंत.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. दादा एकटा नाही, जग असंच देतं. 1992 ते 1996 मध्ये, युद्धात आणि ते संपल्यावर लगेच, बोस्नियाला आलेल्या औषधांपैकी अंदाजे 17,000 टन निरुपयोगी निघाली. ती नष्ट करायचा खर्च आणि डोकेदुखी घेणाऱ्यांच्याच गळ्यात. मी भांडारात काम केलेलं नाही, पण मुदत संपलेल्या गोळ्यांची खोकी बघून देणाऱ्याला काय वाटलं असेल याचा अंदाज मला चांगला आहे. त्याला पुण्य वाटलं असणार.

उलट जिथे देणगीने खरंच काम केलं तिथे काय दिसतं? नारू घ्या, दूषित पाण्यातून होणारा जंताचा रोग. 1986 मध्ये जगात अंदाजे 35 लाख रुग्ण होते. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या कार्टर सेंटर या संस्थेने पुढाकार घेतला, खासगी पैसाही आला, आणि 2023 मध्ये माणसांतले रुग्ण 14 उरले. ना लस, ना औषध. पाणी गाळायचं कापड आणि गावोगाव फिरून लोकांना पुन्हा पुन्हा तेच सांगणारी माणसं. रिव्हर ब्लाइंडनेस या माशी चावून होणाऱ्या, माणूस आंधळा करणाऱ्या रोगासाठी मर्क ही औषध कंपनी 1987 पासून आयव्हरमेक्टिन फुकट देतेय, गरज असेल तोवर देण्याच्या शब्दावर. हे औषध वर्षातून एकदा-दोनदा द्यायचं असतं, गावचा स्वयंसेवकही देऊ शकतो, म्हणून ते चाललं. बाळंतपण असं वर्षातून एकदा गोळी देऊन उरकत नाही. तिथे रोज रात्री कोणीतरी जागं लागतं, आणि त्याला दर महिन्याला पगार लागतो.

तो पगार देणगीतून कायम निघणार नाही. सगळ्यात मोठ्या देणगीदारांतलं एक असलेल्या गेट्स फाउंडेशनने 2025 मध्ये जाहीर केलं की 2045 च्या अखेरीस आपण बंद होणार. वीस वर्षं आधी सांगितलं, हे त्यांचं सौजन्य. बाकीचे न सांगताच थांबतात. लसींसाठी 2000 मध्ये उभी राहिलेली ‘गावी’ (Gavi) ही आंतरराष्ट्रीय संस्था मला त्यातल्या त्यात शहाणी वाटते. ती सरकारांकडूनही लसींच्या खर्चात वाटा घेते आणि देशाचं उत्पन्न वाढेल तसा तो वाढवते. तक्रारी तिच्याबद्दलही आहेत, पण निदान एक दिवस आपण नसू हे धरून तिने हिशोब मांडलाय.

दुसरी एक वाट आहे. मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय 1976 मध्ये 11 खाटांवर सुरू झालं. पैसे भरू शकणाऱ्यांच्या शुल्कातून बाकीच्यांची ऑपरेशनं. मोतीबिंदूनंतर बसवायच्या भिंगांचा स्वतःचा कारखाना 1992 मध्ये काढला, त्याला बाहेरून मदत झाली. मदत यंत्रणा उभी करायला वापरली, ती रोजची चूल पेटवायला नव्हे. मात्र हे डोळ्यांत जमतं, कारण तेच ऑपरेशन हजारदा करता येतं. अतिदक्षता विभाग असा चालवून दाखवा, मी पाया पडेन.

म्हणून माझं रोखठोक मत: डॉक्टर, सिस्टर, वीज, औषधं हे सरकारी तिजोरीतूनच यायला हवं, आणि देणगीने तिजोरीचं ओझं हलकं झालं की सरकार हात काढून घेतं हा धोका खरा आहे. देणगीदाराने सरकारला जे सुचत नाही किंवा जमत नाही ते करावं. आणि वस्तू द्यायचीच असेल तर तिच्याबरोबर पाच वर्षांची एएमसी (देखभालीचा करार), सुटे भाग आणि ती चालवणाऱ्याचं प्रशिक्षण द्यावं. जमत नसेल तर वस्तू देऊ नये, रोख द्यावी आणि कशावर खर्च करायची ते रुग्णालयाला ठरवू द्यावं. हो, रोख खाणारेही असतात. हिशोब मागा, पण पाटी मागू नका.

हेही सांगायला हवं की यंत्रं आली त्या दिवशी ताबा मिळाल्याच्या कागदावर सही माझीच होती. शुद्धता मोजायला मीटर नव्हतं, तरी ‘तपासून घेतले’ असं लिहिलेल्या जागी मी सही केली. फोटोत मी दादाच्या शेजारी हसतोय. आणि जी दोन धड निघाली, त्यांच्यावर नंतर कितीतरी पेशंटनी रात्री काढल्या. ती दादाचीच होती.

गेल्या महिन्यात आई गेली. परवा दादाचा मेसेज आला, ‘‘आईच्या नावाने काय देऊ?’’ मी यादी पाठवली. पहिल्या ओळीत सहायकाचा तीन वर्षांचा पगार, दुसरीत शुद्धतेचं मीटर, तिसरीत फिल्टर, दोनशे नग. निळ्या खुणा त्याच रात्री आल्या. उत्तर अजून नाही.