खुनाचा उलगडा झालेला नसताना संशयिताचे नाव लोकांत पसरवणे योग्य आहे का?

अजिबात नाही. अमेरिकेतील आयडाहो राज्यातल्या मॉस्को शहरात 13 नोव्हेंबर 2022 रोजी भाड्याच्या घरात चार विद्यार्थ्यांचा खून झाला, आणि 30 डिसेंबरला आरोपीला अटक होईपर्यंत लोकांनी त्या घरातील वाचलेल्या मुलींवर, ओळखीच्या तरुणांवर, इतकेच काय, विद्यापीठातील एका प्राध्यापिकेवरही उघड संशय घेतला. महत्त्वाचा धागा मात्र सुऱ्याच्या म्यानावरील डीएनएने दिला. कोल्हापुरात राजारामपुरीत मी मुलांना खोल्या देतो; दाराबाहेर चपलांचे आठ जोड, एकमेकांची उसनी गाडी, अशा घरात कोणाकडेही बोट दाखवता येते, आणि याचीच मला धास्ती वाटते. ठोस माहिती असल्यास पोलीस ठाण्यात जावे. खोटा आरोप पसरवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली बदनामीचा गुन्हा ठरू शकतो.