इंग्लिश फुटबॉलमधल्या प्रीमियर लीगचे मोठे क्लब आपल्याच अकॅडमीतल्या मुलांना पहिल्या संघात संधी का देत नाहीत? ती मुलं खरंच कमी पडतात का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. हो, बहुतेक मुलं कमी पडतात. पण जी पडत नाहीत, त्यांना ते दाखवायला किती सामने मिळतात? या एका मुद्द्यावरून आमच्या घरात दर शनिवारी वाजतं. नवऱ्याचं ठरलेलं वाक्य आहे, "पोरात दम असेल तर तो वर येतोच." साफ खोटं आहे, आणि का ते सांगते.

मला यातलं काय कळतं म्हणाल, तर माझं माहेर कोल्हापूर. शाहू स्टेडियमवर वडील मला कडेवर घेऊन मॅच बघायला जायचे. लग्नानंतर इंग्लंडला आले. इथे क्लब सोळाव्या वर्षी निवडक मुलांना दोन वर्षांची स्कॉलरशिप देतात, आणि ज्यांचं घर लांब आहे त्यांना जवळपासच्या कुटुंबात ठेवतात. आमच्या वरच्या खोलीत अशी मुलं राहत आली आहेत. क्लब आठवड्याचे पैसे देतो, पोलिस तपासणी करून घेतो, खोली बघून जातो आणि आहारतज्ज्ञाचा एक कागद फ्रिजवर चिकटवायला देतो. त्या कागदात वरण-भात बसतो, तूप बसत नाही. क्लबचं नाव सांगणार नाही. तेव्हा प्रीमियर लीगमध्ये होता एवढं पुरे.

त्यातला एक मुलगा तीन वर्षं राहिला. विंगर, म्हणजे कडेने पुढे धावणारा. किनाऱ्याकडच्या लहान गावातला, आई एकटी कमावणारी. सासूबाई आल्या होत्या तेव्हा तो मला सरळ नावाने हाक मारतो हे ऐकून त्यांचा घास अडकला होता. नंतर त्याच त्याच्यासाठी मसालेभात राखून ठेवायला लागल्या. दोन वर्षांची स्कॉलरशिप संपल्यावर त्याला एका वर्षाचा व्यावसायिक करार मिळाला. अंडर-२१ संघात तो उठून दिसायचा. हे मी म्हणत नाही, पहिल्या संघातले लोक म्हणायचे, कारण जानेवारीनंतर सराव त्यांच्याबरोबरच सुरू झाला होता. अर्थात कुणीतरी जखमी झालं होतं, माणसं कमी पडत होती म्हणून.

सीझन संपत आला होता. संघ टेबलच्या मधोमध, ना वर जायची आशा ना खाली जायची भीती. शुक्रवारी संध्याकाळी कळलं की उद्या तो बेंचवर, म्हणजे बदली खेळाडूंत आहे. त्याची आई पहाटे निघून गाडी चालवत आली आणि माझ्या शेजारी बसली. साठाव्या मिनिटाला आम्ही ३-० ने पुढे. पोरगं टचलाइनच्या कडेने वॉर्मअप करतंय, पुढे जातंय, मागे येतंय. हिरव्या बिबची प्रत्येक हालचाल त्या बाईच्या चेहऱ्यावर उमटत होती. एक बदल झाला, दोन झाले, तीन झाले. चौथा उतरवला तो लोनवर, म्हणजे दुसऱ्या क्लबकडून उसना आलेला, जूनमध्ये परत जाणारच होता. आणि अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला पाचवा बदल केला तो पस्तिशीतल्या एका बचावपटूला बाहेर घेण्यासाठी, लोकांनी त्याला उभं राहून निरोप द्यावा म्हणून. आत गेला तोही एक तिशीतलाच. लोक उभे राहिले. माझा नवराही राहिला, टाळ्या वाजवत.

रात्री तो मुलगा जेवला, ताट धुतलं आणि म्हणाला, पाय तरी ताजे आहेत, सोमवारी अंडर-२१ ला उपयोगी पडतील. आणि वर निघून गेला. त्याच्या मागे नवरा हळूच म्हणाला, "तेवढा चांगला असता तर उतरवला असता ना." तेव्हापासून आमचा वाद सुरू आहे.

अकॅडमीत मुलांची काळजी बघणारी एक बाई होती, तिला मी नंतर विचारलं. तिने जे सांगितलं ते तुमच्या पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे. मॅनेजरची खुर्ची तेव्हा हलत होती. ३-० चं ३-२ झालं असतं तर कुणी अनुभवी खेळाडूबद्दल विचारलं नसतं, पोराला का उतरवलं असंच विचारलं असतं. पोरगं घडून क्लबला फळ मिळायला तीन वर्षं लागतात, आणि मॅनेजरला पुढच्या तीन महिन्यांची खात्री नसते. दुसऱ्याने खायचा आंबा तो कशाला लावेल?

म्हणून संधी धोरणातून मिळत नाही, अडचणीतून मिळते. मँचेस्टर युनायटेडच्या रॅशफर्डचं उदाहरण सगळे देतात. फेब्रुवारी 2016, युरोपा लीग, समोर डेन्मार्कचा मिट्यूलान. मार्सियाल वॉर्मअपमध्येच जखमी झाला, मग अठरा वर्षांच्या रॅशफर्डला घ्यावं लागलं. दोन गोल. तीन दिवसांनी आर्सेनलविरुद्ध आणखी दोन. सुंदर गोष्ट आहे, पण याच गोष्टीने बाकीच्या पोरांचं वाटोळं केलंय. आता प्रत्येकाकडून अपेक्षा अशी की पहिल्याच रात्री दोन मारा, नाहीतर परत जा. आर्सेनलच्या साकाचं बघा. तो पुढे खेळणारा, पण 2019-20 मध्ये क्लबचे लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचे बचावपटू, जखमी झाले आणि त्याला तिथे लावला. पाच वर्षांनी तिथेच माइल्स लुइस-स्केली, मूळचा मधल्या फळीतला, तोही लेफ्ट बॅक म्हणून आत शिरला. त्या क्लबात पोराला आत यायचं असेल तर लेफ्ट बॅकच्या जागेवर लक्ष ठेवावं, असं मी वरच्या खोलीत सगळ्यांना सांगते.

आणि चेल्सी! 2014 ते 2018 सलग पाच वेळा एफए यूथ कप, म्हणजे अकॅडमी संघांचा कप, जिंकला, आणि तरी पहिल्या संघात दार बंद, सगळी पोरं लोनवर. मग 2019 मध्ये परदेशी अल्पवयीन मुलांच्या करारांचे नियम मोडले म्हणून फिफाने खेळाडू विकत घेण्यावर बंदी घातली, आणि अचानक माउंट, एब्रहॅम, टोमोरी, रीस जेम्स सगळे चांगले दिसायला लागले. गुणवत्ता उन्हाळ्यात उगवली का? नवा मॅनेजर लॅम्पार्डचा पहिलाच लीग सामना युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डवर ०-४ हरले, संघात माउंट आणि एब्रहॅम दोघेही होते. तीन दिवसांनी इस्तंबूलला सुपर कपमध्ये एब्रहॅमची शेवटची पेनल्टी हुकली आणि लिव्हरपूलने कप नेला. आमच्या मुलाच्या वाट्याला असा आठवडा आला असता तर त्याचं नाव पुन्हा ऐकू आलं नसतं. पण लॅम्पार्डकडे दुसरं कोण होतं? पुढच्याच रविवारी लेस्टरविरुद्ध माउंटचा गोल, त्याच्या पुढच्या आठवड्यात नॉरिचला एब्रहॅमचे दोन, माउंटचा एक. 2021 च्या मे महिन्यात पोर्तोला चॅम्पियन्स लीगची फायनल जिंकली ती माउंटच्या पासवर, हावर्ट्झने गोल केला.

नवऱ्याला मला हेच पटवायचं आहे. संधी म्हणजे पदार्पण नव्हे, फोटो काढून आजीला पाठवायची पाच मिनिटं नव्हेत. वाईट खेळल्यावरही पुढच्या शनिवारी पुन्हा संघात असणं, ही संधी. विकत आणलेल्या खेळाडूला ती आपोआप मिळते, कारण त्याच्यावर पैसे घातलेले असतात आणि ते वसूल करायचे असतात. घरच्या पोराला ती मिळत नाही, कारण तो फुकट आहे.

खरं तर फुकटपेक्षाही वाईट. आर्थिक नियमांनुसार क्लबला तीन वर्षांत जास्तीत जास्त 10.5 कोटी पौंडांचा तोटा दाखवता येत होता. विकत घेतलेल्या खेळाडूची किंमत कराराच्या वर्षांत वाटून लावतात. अकॅडमीतल्या मुलाची पुस्तकी किंमत शून्य, म्हणजे तो विकला की आलेली सगळी रक्कम त्याच वर्षी नफा. मग विकायला कोण सोपं? सहा वर्षांचा असल्यापासून चेल्सीत असलेला माउंट 2023 मध्ये साडेपाच कोटींना युनायटेडला गेला. कॉनर गॅलाघरने 2023-24 मध्ये कित्येक सामन्यांत चेल्सीची कप्तानी केली, पुढच्या उन्हाळ्यात आतलेटिको माद्रिदला विकला.

आठ 'होमग्रोन'चा नियम आहे ना, असं कुणीतरी कमेंटमध्ये लिहीलच. आहे, 2010 पासून. पंचवीसच्या यादीत होमग्रोन नसलेले सतराच चालतात. पण एकविसाव्या वर्षाआधी तीन सीझन इंग्लंड किंवा वेल्समधल्या कुठल्याही क्लबकडे नोंद असली की झाला होमग्रोन, तुमच्याच क्लबकडे असायला हवी असं नाही. आणि युनायटेडचा तो अभिमान, ऑक्टोबर 1937 पासून प्रत्येक सामन्याच्या संघात अकॅडमीतला एक तरी खेळाडू. संघात, म्हणजे बेंच धरून. आता तर बेंचवर नऊ जण बसतात. आमचा मुलगाही त्या दिवशी असाच कुणाच्या तरी आकड्यात जमा झाला असेल.

1995 च्या ऑगस्टमध्ये तरुण पोरं घेऊन उतरलेला युनायटेड अ‍ॅस्टन व्हिलाकडून ३-१ हरल्यावर माजी खेळाडू अ‍ॅलन हॅन्सन टीव्हीवर म्हणाला होता, पोरांना घेऊन काही जिंकता येत नाही. युनायटेडने त्या सीझनला लीग आणि एफए कप दोन्ही जिंकले. नवरा म्हणतो, बघ, दम होता म्हणून आले वर. अरे पण मॅनेजर फर्ग्युसन 1986 पासून तिथे बसला होता! त्याला कोण काढणार होतं? शिवाय त्या पोरांना सांभाळायला श्मायकेल, कीन, पुढे ऑक्टोबरपासून कान्टोनाही. टॉटनमचा हॅरी केन घ्या. ओरिएंट, मिलवॉल, नॉरिच, लेस्टर असा चार क्लबांत लोनवर फिरला, टॉटनमने कुठेतरी विकूनच टाकला असता तर कुणाला आश्चर्य वाटलं नसतं. 2014 च्या वसंतात त्याला सलग खेळवला टिम शेरवुडने, जो आधी त्याच क्लबच्या तरुण मुलांचं काम बघायचा. पोराला सोळाव्या वर्षी पाहिलेला माणूस वर बसलेला असणं हा निव्वळ नशिबाचा भाग. पुढच्या सीझनमध्ये केनने सगळे मिळून ३१ गोल केले.

आमच्या मुलाला उन्हाळ्यात सोडलं. फोनवर. तो माझ्या स्वयंपाकघरात उभा होता, बोलणं आटोपलं आणि त्याने विचारलं, खोली कधी रिकामी करू? पुढे ट्रायल देत देत लीग टूमधल्या, म्हणजे चौथ्या पायरीवरच्या, एका संघात लागला. तिथे सुरुवातीला तो भयंकर खेळला, एक पेनल्टीही देऊन बसला. कोचने काढला नाही, उलट मागे राइट बॅकला नेला. आता तिथे दर आठवड्याला नव्वद मिनिटं खेळतो. नवरा म्हणतो, म्हणजे लीग टूचाच होता. मी म्हणते, हे तुला कसं कळलं? वर कुणी बघितलंच नाही.

नवऱ्याचा हुकमाचा एक्का म्हणजे फिल फोडेन. मँचेस्टर सिटीने जपला, लोनवर पाठवला नाही, डेव्हिड सिल्वा जाईपर्यंत थांबवला आणि मग घडला. मान्य. पण 2017 चा अंडर-१७ विश्वचषक आपल्याकडे झाला होता, तेव्हा माझा भाऊ कोल्हापूरहून गाडी काढून मडगावला फातोर्ड्याच्या स्टेडियमवर इंग्लंड-अमेरिका क्वार्टर फायनल बघायला गेला होता. ४-१, रियान ब्रूस्टरची हॅटट्रिक. स्पर्धेत सर्वाधिक आठ गोल त्याचे, सर्वोत्तम खेळाडू फोडेन. साखळीतले सामने खेळून सँचो परत गेला होता, कारण त्याने संधीसाठी सिटी सोडून डॉर्टमुंड गाठलं होतं. ब्रूस्टर लिव्हरपूलच्या पहिल्या संघाकडून लीगचा एकही सामना खेळला नाही. 2020 मध्ये शेफील्ड युनायटेडला २ कोटी ३५ लाख पौंडांना विकला. एक फोडेन दाखवून बाकीच्यांचा हिशोब मिटत नाही.

आता क्लबची बाजूही सांगते, नाहीतर एकांगी लिहिलं म्हणाल. प्रीमियर लीगमधून खाली गेलं की टीव्हीचे पैसे जातात आणि मग क्लबमधल्या साध्या लोकांच्या नोकऱ्याही जातात. तळाच्या संघाने पोरावर प्रयोग करावेत असं मीही म्हणणार नाही. याच्याआधी वरच्या खोलीत राहिलेला मुलगा तर खरोखरच कमी पडत होता, आळशीही होता. आता इलेक्ट्रिशियन आहे, आमच्या किचनचं वायरिंग त्यानेच केलं, उत्तम केलं. आणि मी जे बघितलं ते एका घरातून.

तुम्ही एखाद्या क्लबबद्दल मत बनवणार असाल तर त्यांनी किती पोरांना पदार्पण दिलं ते मोजू नका. लीग कपच्या तिसऱ्या फेरीत मोठे क्लब पोरं उतरवतात, ते बघा. त्यातला जो सर्वात वाईट खेळेल त्याचं नाव लक्षात ठेवा, आणि पुढचा महिनाभर तो कुठे दिसतो ते शोधा.

सध्या वरच्या खोलीत गोलकीपर आहे. जागा एकच, आणि वरचा चाळिशीपर्यंत हलत नाही. त्यावर वेगळा प्रश्न विचारा, लिहीन.