मायस्थेनिया आणि फिरणं: सुरुवातीला एवढंच बघा

ताई, रिपोर्ट आल्यापासून फिरणं बंदच केलं म्हणालात, तसं नका करू. मायस्थेनिया या आजारात स्नायू वापरला की थकतो अन् विश्रांती दिली की परत चालतो, त्यामुळे नुसतं पडून राहणं वाईट आणि हट्टाने रेटणं त्याहून वाईट.

१) पायरिडोस्टिग्मिनची, म्हणजे या आजारात स्नायूंना जोर देणारी गोळी चालू असेल तर बिस्किटाबरोबर घ्या, तासाभराने निघा, तेव्हा जोर चांगला असतो. नवीन लोक गोळी न घेताच पहाटे निघतात अन् अर्ध्या वाटेत पायरी शोधत बसतात.

२) आपल्या सोलापूरचं ऊन! उष्णतेने अशक्तपणा वाढतो आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार, म्हणून ऊन तापायच्या आत घरी.

३) परत यायची ताकद शिल्लक ठेवून चाला. पार्क मैदानावर थोडं चालायचं, बसायचं, मग बघायचं. पापणी खाली यायला लागली किंवा एकाचे दोन दिसायला लागले की त्या दिवसाचं चालणं संपलं, बरोबरचे काका "अजून एक फेरी" म्हणणारच, हसून नको म्हणायचं.

आणि साध्या तापाला जरी डॉक्टरकडे गेलात तरी हा आजार आधी सांगा, काही अँटिबायोटिक याला चालत नाहीत. गिळायला किंवा श्वास घ्यायला जड गेलं तर सकाळची वाट न बघता सरळ हॉस्पिटल.

वजनं-बिजनं सध्या राहू द्या, न्यूरोच्या डॉक्टरांना विचारून आधी चालणं बसू द्या, मग बोलू.