टोरंटोत मिश्र वापराच्या प्रकल्पाची पहिली छाननी: इकडे येऊ घातलेल्या आर्किटेक्टसाठी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यात काही वर्षं परवानगीच्या नकाशांचं काम केलंय, आता टोरंटोत एका प्लॅनिंग कन्सल्टंटकडे रुजू व्हायचंय. खाली गाळे, मध्ये ऑफिसं, वर घरं अशा प्रकल्पाचा कच्चा आराखडा इथली महापालिका कसा तपासते, आणि यूडीसीपीआर (महाराष्ट्राची एकत्रित बांधकाम नियमावली) कोळून प्यायल्याचा इथे काही उपयोग होईल का? मी इथे याच कामात आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

उपयोग होईल, पण सवय बदलावी लागेल. आपल्याकडे परवानगीचं काम म्हणजे मुळात आकडेमोड. रस्ता किती रुंद, त्यावर बेसिक एफएसआय (भूखंडाच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण) किती, प्रीमियम म्हणजे पैसे भरून आणि टीडीआर म्हणजे दुसऱ्या जागेचा बांधकाम-हक्क घेऊन किती वाढवता येईल, सामासिक अंतरं सुटली का. गणित जुळलं की फाइल पुढे सरकते. टोरंटोतही लहानसहान बांधकामांचं असंच चालतं. मोठा मिश्र प्रकल्प मात्र जवळजवळ नेहमीच आपल्या भूखंडापुरता झोनिंगचा, म्हणजे कुठे काय आणि किती बांधायचं याचा, नियमच बदलून मागतो. मग तपासणाऱ्यासमोरचा प्रश्न बदलतो. या रस्त्यावर, या शेजारात, इतकी उंची आणि इतकी वर्दळ का योग्य आहे, हे तो विचारतो. त्याचं उत्तर लेखी द्यायचं असतं, आणि ते लिहिणं हाच तुमच्या नोकरीचा मोठा भाग असणार आहे.

आधी झोनिंग वाचायला शिका. शहराचा झोनिंग बायलॉ, म्हणजे महापालिकेची नियमावली, ५६९-२०१३ या क्रमांकाचा आहे. दुकानांच्या मोठ्या रस्त्यांवर बहुतेक ठिकाणी सीआर (व्यापारी-निवासी) झोन दिसेल, आणि नकाशावर त्याच्यापुढे असं काही लिहिलेलं असेल: सीआर ३.० (सी२.०, आर२.५) एसएस२. पहिला आकडा एकूण एफएसआय. इथेही शब्द एफएसआयच आहे. सी म्हणजे व्यापारी वापराची कमाल मर्यादा, आर म्हणजे निवासी वापराची. एसएस२ हा अंतरं आणि उंचीच्या नियमांचा संच, साधारणपणे जुन्या बाजाररस्त्यांना लागणारा. आता २,००० चौरस मीटरचा भूखंड धरा. एकूण बांधकाम ६,००० चौरस मीटर चालेल, पण घरं ५,००० च्या पुढे जाऊ शकत नाहीत. उरलेले १,००० हवे असतील तर व्यापारी वापर आणावाच लागतो. नुसती ऑफिसं बांधायची म्हटली तर ४,००० वर थांबावं लागतं. मिश्र वापराचा आग्रह या तीन आकड्यांतच बसवलेला आहे, आणि मला ही रचना फार आवडते. त्यामुळे विकासक ३ च्या जागी ९ किंवा १२ मागतो आणि गाळ्यांचं क्षेत्र मात्र आहे तेवढंच ठेवतो, तेव्हा वाढीव एफएसआय सगळा घरांनाच का, हा प्रश्न ठरलेला असतो. त्याचं उत्तर पहिल्याच अर्जात तयार ठेवा.

झोनिंगच्या वर शहराचा ऑफिशियल प्लॅन (विकास आराखडा) असतो, आणि त्याच्याही वर ओंटारियो प्रांताचं नियोजन धोरण. ते नव्याने २० ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालं आहे. ऑफिशियल प्लॅनमध्ये जमीन 'मिक्स्ड यूज एरिया' म्हणून दाखवलेली असेल तर झोनिंग बदलण्याचा अर्ज पुरतो, निदान चर्चेला सुरुवात तरी तिथून होते. 'एम्प्लॉयमेंट एरिया', म्हणजे रोजगारासाठी राखलेली जमीन, असेल तर घरांचा विचारच सोडा. तिचा वापर बदलून घेणं हे स्वतंत्र आणि फार जड काम आहे. मेट्रो किंवा रेल्वे स्थानकापासून ५०० ते ८०० मीटरच्या पट्ट्यात दाट वस्तीला धोरणाचा पाठिंबा असतो, त्यामुळे जागा कळली की पहिल्यांदा स्थानकापासूनचं अंतर मोजा.

अर्ज दाखल करण्याआधी महापालिकेशी एक सल्लामसलत असते, तिला इथे सगळे प्री-ॲप म्हणतात. साइट प्लॅन, इमारतीचे ढोबळ आकार आणि क्षेत्रफळाचा तक्ता एवढं घेऊन जायचं. शहर त्यावर प्राथमिक मत देतं आणि कोणकोणते अहवाल जोडावे लागतील त्याची यादी देतं. जून २०२४ च्या बिल १८५ या प्रांताच्या कायद्यानंतर ही पायरी ऐच्छिक झाली आहे. माझं मत विचाराल तर ती कधीही गाळू नका. वेळ वाचतोय असं वाटून थेट अर्ज करणारे पुढच्या फेऱ्यांत त्याहून जास्त वेळ घालवतात. कारण या बैठकीत कळतं ते झोनिंगच्या पुस्तकात नसतं: त्या रस्त्याखालची मलवाहिनी आधीच भरलेली आहे, शेजारच्या भूखंडाचा अर्ज दोन महिन्यांत येतोय, कोपऱ्यावरची विटांची इमारत वारसायादीत घ्यायचं चाललं आहे. अहवालांची यादी मात्र दर वेळी नव्याने तपासा. २०२५ च्या बिल १७ ने शहराने कोणते अहवाल मागावेत यावर मर्यादा आणल्या आहेत, त्यामुळे ऑफिसातली जुनी यादी तशीच पुढे चालवणं बरं नाही.

अर्ज आला की तो पूर्ण आहे की अपूर्ण हे शहराने ३० दिवसांत सांगायचं असतं. मग तो एकाच वेळी सगळीकडे फिरतो: वाहतूक, अभियांत्रिकी, उद्यानं, वृक्ष, वारसा, टीटीसी (शहराची बस-मेट्रो सेवा), शाळा मंडळं, नदीकाठ किंवा दरी असेल तर टीआरसीए (नद्या-दऱ्यांचं संवर्धन बघणारी संस्था), रेल्वेजवळ असेल तर मेट्रोलिंक्स (प्रांताची वाहतूक संस्था). तुमच्या फाइलवर एक प्लॅनर नेमलेला असतो आणि सगळ्यांचे शेरे त्याच्याकडे जमतात. हे शेरे एकमेकांशी जुळतीलच असं नाही. वाहतूकवाल्यांना गाडीरस्ता रुंद हवा असतो, वृक्षवाल्यांना तिथलंच झाड वाचवायचं असतं. कुणाचा मुद्दा कायद्याचा आहे, कुणाचा मार्गदर्शक तत्त्वांचा आणि कुणाची निव्वळ पसंती, हे ओळखता आलं तर तुम्ही पहिल्या वर्षातच उपयोगी ठरता.

मिश्र वापराच्या आराखड्यात नवीन माणूस सगळ्यात जास्त कुठे अडकतो ते सांगते: कचरागाडी. ३१ किंवा त्याहून जास्त घरं असली की 'टाइप जी' लोडिंगची जागा लागते: १३ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि वर ६.१ मीटर मोकळी उंची. शिवाय गाडीने पुढच्या तोंडाने आत येऊन पुढच्याच तोंडाने बाहेर पडायला हवं, म्हणजे वळायला आतच जागा द्यायची. सीआर झोनमध्ये तळमजल्याची किमान उंची ४.५ मीटर असते. तेव्हा ही जागा वरच्या मजल्यात घुसते. आता अरुंद भूखंडावर हे मांडून बघा: रस्त्याकडचा दर्शनी भाग गाळ्यांना हवा, घरांचा स्वतंत्र प्रवेश हवा, ऑफिसांची लॉबी वेगळी हवी, तळघराच्या पार्किंगचा रॅम्प हवा, आणि मागे कचरागाडी वळायला हवी. मागे गल्ली असेल तर सुटका होते. नसेल तर गाडीचा रस्ता दुकानांच्या रांगेतूनच काढावा लागतो, आणि लगेच शेरा येतो की फुटपाथ तुटला. म्हणून मी कुठल्याही प्रकल्पात मनोऱ्याचा आकार बघण्याआधी तळमजल्यावर कचरागाडीचा मार्ग आखून घेते. पार्किंगचं ओझं तेवढं कमी झालं आहे. बहुतेक वापरांसाठी किमान पार्किंगची सक्ती महापालिकेने डिसेंबर २०२१ मध्ये काढून टाकली.

मनोऱ्यांबाबत २०१३ च्या मार्गदर्शक तत्त्वांतले दोन आकडे लक्षात ठेवा: मजल्याचं क्षेत्र ७५० चौरस मीटरपर्यंत, आणि दोन मनोऱ्यांत २५ मीटर अंतर. म्हणजे दोन्ही बाजूंना शेजाऱ्याच्या हद्दीपासून साडेबारा मीटर सोडायचे. ३० मीटर रुंदीच्या भूखंडावर मग ५ मीटर उरतात. त्यात मनोरा बसत नाही. अशा वेळी शेजारची जमीन घेतात किंवा शेजाऱ्याशी अंतराचा करार करतात. हे अंतर कमी करून मागता येतं, पण मग शेजाऱ्याला उद्या तेवढीच उंची बांधता येईल हे आखून दाखवावं लागतं. शहर एकट्या भूखंडाकडे बघत नाही, सबंध ब्लॉकचं भविष्य विचारतं. मला हा इथल्या छाननीचा सगळ्यात चांगला गुण वाटतो.

दोन गोष्टी फाइल वर्षभर मागे नेऊ शकतात. खासगी जागेतलं झाड जमिनीपासून १.४ मीटर उंचीवर ३० सेंटीमीटर किंवा जास्त व्यासाचं असेल तर ते तोडायला किंवा त्याला इजा होईल असं काम करायला परवाना लागतो. शेजाऱ्याच्या झाडाची मुळं तुमच्या खोदकामाखाली येत असतील तरी तेच. दुसरी गोष्ट भाड्याच्या घरांची. भूखंडावरच्या जुन्या इमारतींत सहा किंवा जास्त घरं असतील आणि त्यांतली काही भाड्याची असतील, तर पाडण्याआधी महापालिकेची वेगळी मंजुरी लागते. एकूण भाड्याची घरंच सहा किंवा अधिक भरली, तर तितकी घरं नव्या इमारतीत परत द्यावी लागतात आणि भाडेकरूंच्या परतण्याची व मधल्या काळाची सोय लावावी लागते. आपल्याकडच्या पुनर्विकासाची ज्यांना माहिती आहे त्यांना हे पटकन कळतं. जुन्या दुकानांच्या वर राहणारी माणसं किती आहेत, हे पहिल्याच भेटीत जिने चढून मोजा.

लोकांचं म्हणणं ऐकण्याची रीत गंभीरपणे घ्या. अर्ज झाला की जागेवर मोठा फलक लागतो, कागदपत्रं शहराच्या संकेतस्थळावर सगळ्यांना खुली होतात, परिसरात बैठक होते, आणि शेवटी कम्युनिटी कौन्सिलपुढे (त्या भागातल्या नगरसेवकांच्या समितीपुढे) कायद्याने बंधनकारक असलेली सभा होते. तिथे कुणीही नागरिक काही मिनिटं बोलू शकतो. या बैठकांनी प्रकल्प खरंच बदलतात. ब्लूर आणि बाथर्स्टच्या कोपऱ्यावरच्या ऑनेस्ट एड्स या जुन्या दुकानाच्या जागेचा प्रस्ताव २०१५ मध्ये आला. बैठका आणि दुरुस्त्यांच्या फेऱ्यांत उंची कमी झाली, बाग आली, मार्कहॅम स्ट्रीटवरची बरीच जुनी घरं राखली गेली, आणि २०१७ मध्ये महापालिकेने मंजुरी दिली. आज तिथे मर्विश व्हिलेज नावाची भाड्याची वसाहत उभी आहे. रुजू झाल्यावर एका संध्याकाळी तिथे चालून या. जुन्या रस्त्याची लय धरून दर्शनी भाग लहान लहान गाळ्यांत तोडला आहे. छाननीतून इमारतीत काय बदलतं ते तिथे डोळ्यांनी दिसतं.

शहराने ठरावीक मुदतीत निर्णय दिला नाही तर अर्जदार ओंटारियो लँड ट्रायब्यूनल या प्रांताच्या लवादाकडे जाऊ शकतो. झोनिंगच्या अर्जाला ही मुदत ९० दिवस आहे, ऑफिशियल प्लॅनचा बदल जोडलेला असेल तर १२०. हा लवाद जून २०२१ पासून या नावाने काम करतो. मोठ्या प्रकल्पात या मुदतीत निर्णय होणं अवघडच असतं, त्यामुळे अपील करायचं की बोलणी चालू ठेवायची हा निर्णय मालक आणि वकील घेतात. बरीच प्रकरणं सुनावणीआधी तडजोडीने मिटतात. बिल १८५ नंतर शेजारी नागरिकांचा अपिलाचा हक्क जवळपास गेला आहे. मला हे योग्य वाटत नाही. म्हणूनच परिसरातल्या बैठकीत आलेल्या हरकतींची तुमच्या अहवालात प्रामाणिकपणे नोंद आणि उत्तर असावं, असं मी आग्रहाने सांगेन. त्यांना दुसरी जागा उरलेली नाही.

झोनिंग मंजूर झालं तरी कधी कधी त्यावर 'एच' लागतो. म्हणजे मलवाहिनी, पाणी किंवा रस्त्याची अट पुरी होईपर्यंत बांधता येत नाही. त्यानंतर साइट प्लॅनची मंजुरी, जी २०२२ पासून नगरसेवकांकडे न जाता अधिकारीच देतात. पाच किंवा जास्त मजले आणि दहा किंवा जास्त घरं असतील तर जमिनीच्या किमतीच्या ४ टक्क्यांपर्यंत सामुदायिक लाभ शुल्क लागतं.

निघण्याआधी घरी बसून करता येईल असा एक अभ्यास आहे. टोरंटोच्या ॲप्लिकेशन इन्फर्मेशन सेंटरवर (शहराकडे आलेल्या अर्जांच्या संकेतस्थळावर), दोन-तीनदा सुधारून आलेला एखादा सीआर झोनमधला अर्ज निवडा. त्याचा 'प्लॅनिंग रॅशनॅल' हा प्रस्तावाचं समर्थन मांडणारा अहवाल वाचा, मग प्रत्येक फेरीसोबतचं पत्र, आणि शेवटी कौन्सिलपुढे गेलेला अधिकाऱ्यांचा अहवाल. पहिला आणि शेवटचा तळमजला शेजारी ठेवून काय हललं ते कागदावर उतरवा. मुलाखतीत हे दाखवलंत तर पुण्यातल्या कामांच्या जाडजूड फाइलपेक्षा ते जास्त बोलेल.

परवान्याचं काम वेगळं आहे. आर्किटेक्ट म्हणून सही करायची असेल तर ओएए या ओंटारियोच्या आर्किटेक्ट संघटनेचा परवाना लागतो, प्लॅनर म्हणून आरपीपी (नोंदणीकृत व्यावसायिक प्लॅनर) ही मान्यता. दोन्हींना वेळ लागतो आणि नोकरीला सुरुवात करायला दोन्हींची गरज नाही. आर्किटेक्चरच्या पदवीचं मूल्यांकन सीएसीबी हे कॅनडाचं मंडळ करतं. त्यासाठी विद्यापीठाची गुणपत्रकं आणि विषयवार अभ्यासक्रमाच्या प्रमाणित प्रती पुण्यात असतानाच काढून घ्या. इथून फोन करून त्या मिळवताना जीव मेटाकुटीला येतो.