गिलरेचं चित्र हाती घेशील तेव्हा

प्रिय,

अठराव्या शतकातल्या जेम्स गिलरे या इंग्रज चित्रकाराची राजकीय व्यंगचित्रं कशी वाचायची, असं तू विचारलंस. चेहरे ओळखायची घाई करू नकोस. आधी खालच्या कडेची बारीक ओळ वाच. चित्रकार होगार्थ आणि त्याच्या सोबत्यांच्या खटपटीने ब्रिटनमध्ये १७३५ साली कायदा झाला आणि कोरीव चित्राच्या धन्याला चौदा वर्षांचा हक्क मिळाला. १७६७ मध्ये तो अठ्ठावीस वर्षांचा झाला. त्यासाठी छपाईच्या तांब्याच्या पाटीवर नाव आणि प्रकाशनाची तारीख घालावी लागे. ती तारीखच तुझा खरा आधार.

एक उदाहरण घे. श्रीरंगपट्टणहून माघार घेणाऱ्या इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसची म्हैसूरचा टिपू विटंबना करतो, ते गिलरेचं चित्र ६ डिसेंबर १७९१ चं आहे. माघार मात्र मे महिन्यातली. बातमी शिडाच्या जहाजाने आफ्रिकेला वळसा घालून लंडनला पोचायला महिनेच्या महिने लागत. इकडे मराठ्यांचे सरदार हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा माघारीच्या वाटेवरच कॉर्नवॉलिसला मिळाल्या होत्या, आणि चित्र दुकानात लागलं त्याच डिसेंबरात कॉर्नवॉलिसने टिपूचा सावनदुर्ग किल्ला घेतला. म्हणजे या चित्रातून रणांगणाची हकिकत काढू नकोस. लंडनला त्या घडीला काय ठाऊक होतं आणि कशाची लाज वाटत होती, ते त्यात आहे.

मग भिंग घे. तांब्याच्या पाटीवर मेणाचा थर देऊन सुईने रेघा ओढायच्या आणि आम्लाने त्या खोदायच्या, अशी ही रीत. छापताना सगळं उलटतं, म्हणून अक्षरंही पाटीवर उलटीच लिहावी लागत. थर कुठे उडाला की आम्ल नको तिथे शिरतं आणि ठिपके उमटतात. त्यांत अर्थ शोधू नकोस. बारीक रेघा पुसट दिसल्या, तर पाटी झिजल्यावर काढलेली प्रत समज.

रंगांवर तर मुळीच विसंबू नकोस. ते प्रत्येक प्रतीवर हाताने भरत, त्यामुळे एकाच चित्रात कोट इथे निळा, तिथे तपकिरी निघतो. दोन-तीन प्रती शेजारी ठेवल्याशिवाय रंगावरून निष्कर्ष काढायचा नाही.

कागद उजेडासमोर धर. जलचिन्हात, म्हणजे कागद बनवतानाच त्यात उमटवलेल्या खुणेत, चित्रावरच्या तारखेनंतरचं साल दिसलं, तर छपाई नंतरची. मागच्या बाजूलाही चित्र छापलेलं असेल, तर बहुधा एकोणिसाव्या शतकातलं पुनर्मुद्रण. कडा पाटीच्या दाबखुणेच्या (छापताना पाटीच्या कडांनी कागदावर उमटलेल्या चौकटीच्या) आत कापलेल्या असतील, तर तारखेची ओळच गेलेली असू शकते. अशी प्रत ब्रिटिश म्युझियमच्या सूचीतल्या नोंदीशी ताडून पाहा.

सप्रेम आशीर्वाद.